पडद्यावर शेवटचं काय दिसलं?

घोडपदेवच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पुतणीचा नवा लॅपटॉप आला आणि त्याच रात्री तिनं त्यावर उबुंटू नावाचं लिनक्स घालायला घेतलं. विंडोजही ठेवायचं होतं. साडेअकराच्या सुमाराला पडदा काळा झाला आणि उजळेचना. "काका, मी बिघडवला का हो?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

काहीही बिघडलं नव्हतं. अशा वेळी घाईनं डिस्क पुसून टाकणं, हीच खरी चूक ठरते. आधी गाडी कुठे अडली ते पाहायचं.

आमच्या भागातल्या गिरण्यांत पाळी बदलताना एका कामगाराच्या हातचा साचा दुसऱ्याच्या हाती जायचा. लॅपटॉप सुरू होतानाही काम असंच हातोहात पुढे जातं. बटण दाबलं की आधी यूईएफआय जागं होतं. जुन्या बायोसचा हा वारसदार. तो मेमरी, डिस्क तपासतो आणि डिस्कवरच्या एका छोट्या, फॅट32 पद्धतीच्या विभाजनातून बूटलोडर उचलतो. लिनक्समध्ये तो बहुधा ग्रब असतो. ग्रब कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मेमरीत आणतो आणि कर्नल डिस्क, पडदा, कीबोर्ड ताब्यात घेऊन बाकीची यंत्रणा उभी करतो. पडद्यावर शेवटचं काय दिसलं, यावरून कोणाच्या हातात काम अडलं ते कळतं.

सुरुवातीलाच दोन कामं उरकून घ्या. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा. मग विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. नव्या लॅपटॉपवर ते पुष्कळदा आपोआप चालू असतं. यूईएफआयच्या सेटिंगला हात लावला की विंडोज ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर फायली कायमच्या अडकतात.

आता एकेक अडचण घेऊ. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह दिसतच नाही. उबुंटूची आयएसओ फाइल त्यावर नुसती कॉपी केली तर बहुतेकदा चालत नाही. रूफस किंवा एचरसारख्या साधनानं ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते. मग लॅपटॉप सुरू होताना एफ12, एफ9 किंवा एस्केप दाबून बूट मेनू उघडा. कंपनीगणिक कळ वेगळी असते.

सही जुळत नाही, असा संदेश येतो. हा सिक्युअर बूटचा पहारा. विंडोज 8 च्या काळापासून, म्हणजे 2012 पासून, तो सर्रास आला. मान्य सही असलेला बूटलोडरच तो चालू देतो. उबुंटू, फेडोरा आणि डेबियनकडे मायक्रोसॉफ्टची सही असलेला शिम नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, त्यामुळे सहसा अडत नाही. काही नव्या लॅपटॉपवर मात्र मायक्रोसॉफ्टच्या 'थर्ड पार्टी' प्रमाणपत्राला परवानगी बंद असते. सिक्युअर बूटच बंद करण्याआधी ती चालू करून पाहा.

इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. इंटेलच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क आरएसटी किंवा व्हीएमडी या व्यवस्थेमागे असते. ती बदलून एएचसीआय करता येते. पण आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना द्या, मग सेटिंग बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि सूचना काढून टाका. हा क्रम चुकला तर विंडोज उठत नाही.

इन्स्टॉल झालं, तरी थेट विंडोजच उघडतं. यूईएफआयमध्ये बूटचा क्रम बदलून उबुंटूला वर आणा.

ग्रबची यादी येते, पुढे अंधार. पुतणीचं नेमकं हेच झालं होतं. कर्नल चालू होता, पण ग्राफिक्स कार्डाशी त्याचं जुळत नव्हतं. यादीत उबुंटूवर थांबून 'ई' कळ दाबायची, 'लिनक्स' शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून नोमोडसेट लिहायचं, म्हणजे एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, आणि एफ10 दाबायचं. पुतणीनं एकेक अक्षर स्वतः टाइप केलं आणि पडदा उजळला.

हा उपाय मात्र त्या एका खेपेपुरता. आत शिरल्यावर ग्राफिक्सचा योग्य ड्रायव्हर घालायचा. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड ठरवावा लागतो, आणि पुढच्या वेळी निळा पडदा येतो. तिथे 'एन्रोल' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत 'कंटिन्यू' दाबलं तर ड्रायव्हर चालत नाही.

नुसतं 'ग्रब' लिहून कर्सर लुकलुकतो. ग्रबला त्याच्या यादीची फाइल सापडत नाहीये. पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू चालू करून ग्रब पुन्हा बसवा. 'बूट रिपेअर' हे साधन त्यासाठीच आहे.

लॅपटॉप अगदी नवा असेल तर आवृत्तीही ताजी घ्या. कर्नलच्या जन्मानंतर बाजारात आलेलं हार्डवेअर त्याच्या ओळखीचं असेलच असं नाही.

परवा पुतणीच्या मैत्रिणीचा फोन आला, तिचाही लॅपटॉप सुरू होईना. मी उठून जवळ जाईपर्यंत पुतणी वही उघडून विचारत होती, "घाबरू नकोस गं. आधी सांग, पडद्यावर शेवटचं काय दिसलं?"