संकेत अवकाशातला की घरातला?

रेडिओ खगोलशास्त्राच्या नव्वदहून अधिक वर्षांच्या वाटचालीत दुर्बिणी जसजशा संवेदनशील होत गेल्या, तसतसा एक जुना प्रश्न अधिकच बिकट होत गेला, तो म्हणजे नोंदलेला संकेत खरोखर अवकाशातून आला की माणसाच्याच एखाद्या यंत्रातून. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे कार्ल जान्स्की अटलांटिकपार रेडिओ-दूरध्वनीतील खरखरीचा उगम शोधत होते. तिच्यातील एक मंद खरखर दररोज सुमारे चार मिनिटे लवकर येते आणि ताऱ्यांचा दिवसही सौरदिवसापेक्षा तेवढाच लहान असतो, हे ध्यानात आल्यावरच तिचा उगम आकाशगंगेत असल्याचे त्यांनी १९३३ मध्ये जाहीर केले. केंब्रिजमध्ये १९६७ साली जोसलिन बेल यांना दर १.३३ सेकंदांनी येणारा ठोका सापडला, तेव्हाही तो ताऱ्यांबरोबर सरकतो का, हेच आधी पाहावे लागले. तो स्पंदक, म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा, निघाला.

या प्रश्नाची सर्वांत कडक परीक्षा ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीवर झाली. अवकाशातील मुक्त इलेक्ट्रॉनांमधून येताना कमी वारंवारतेच्या लहरी जास्त वारंवारतेच्या लहरींच्या मागे पडतात, आणि हा विलंब जितका मोठा तितका उगम दूरचा मानला जातो. डंकन लॉरिमर आणि सहकाऱ्यांना २००१ च्या नोंदींत काही मिलिसेकंदांचा एक स्फोट आढळला. त्याचा विलंब आकाशगंगेच्या पलीकडचे अंतर सुचवत होता, आणि २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पुढे त्याच दुर्बिणीवर तसाच विलंब दाखवणारे, पण तिच्या तेराही ग्राहकांत एकाच वेळी उमटणारे, म्हणजे उघडच जमिनीवरचे, संकेत सापडले आणि मूळ शोधावरच संशयाची सावली पडली. २०१५ मध्ये उलगडा झाला: केंद्रातील मायक्रोवेव्ह भट्टी चालू असतानाच कोणी तिचे दार उघडले की हे संकेत उमटत. हसण्यावारी नेण्याजोगी वाटणारी ही तपासणी वस्तुतः मोलाची होती, कारण खोटे संकेत वेगळे काढल्यावर खऱ्यांवरचा विश्वास बळावला. एप्रिल २०२० मध्ये आपल्याच आकाशगंगेतील एका मॅग्नेटारने, म्हणजे प्रचंड चुंबकक्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याने, असाच स्फोट केला, तेव्हा निदान एका प्रकारचा उगम हाती लागला.

पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना मुख्यतः कमी वारंवारतेवर काम करतात, आणि वर सांगितलेला विलंब तेथेच सर्वाधिक ठळक दिसतो. स्पंदकांच्या ठोक्यांतील सूक्ष्म फरकांवरून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरी शोधायच्या, तर आधी हा विलंब अचूक मोजून वजा करावा लागतो. ते काम जीएमआरटीच्या नोंदींमुळे सुकर झाले. त्यांचा आधार घेऊन युरोपीय व भारतीय गटांनी जून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा त्यांनी ‘पुरावा’ हाच शब्द वापरला. ‘शोध’ म्हणण्यासाठी भौतिकशास्त्र जी सांख्यिकीय खात्री मागते, तिच्यापासून ते निष्कर्ष अद्याप दूर होते.