आधी लस, मग घरात पिल्लू

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचे मांजरीचे पिल्लू गेले. मुलीने तिचे नाव सोनी ठेवले होते. पहिल्या दिवशी तिने दूध टाकले, दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब सुरू झाले. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायची, पण पाणी घशाखाली उतरत नव्हते. डॉक्टरांनी सलाईन लावले. चौथ्या दिवशी पहाटे सारे संपले.

रोगाचे नाव पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो. यात रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात, आतड्याचे अस्तर खराब होते. विषाणू मारणारे खास औषध नाही. माणसाला हा रोग होत नाही, पण आपण तो चपलांवर, कपड्यांवर, हातांवर घरी आणतो. सोनी कधी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. मग रोग आला कसा? बहुधा आमच्याच पायांनी!

महिन्याभरात पलीकडच्या चाळीतील आजींनी दुसरे पिल्लू देऊ केले. मुलीने हट्ट धरला. आम्हीही तयार झालो, कारण फिनेलने घर तीनदा पुसले होते. डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, "इतक्यात आणू नका. फिनेलने हा विषाणू मरत नाही."

हा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. शिवाय फिनेल मांजराला विषारी; पंजे चाटताना ते पोटात जाते. तेव्हा आम्ही सोनीचे गोणपाट, वाटी आणि मातीची पेटी टाकून दिली. फरशी आधी साबणाने घासली, कारण घाण राहिली तर औषध काम करीत नाही. मग एक लिटर पाण्यात ३० मिलिलिटर साधे द्रव ब्लीच घालून फरशी १० मिनिटे ओली ठेवली व नंतर स्वच्छ पाण्याने पुसली. या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ब्लीचमध्ये संडासाचे अ‍ॅसिड किंवा फिनेल कधीही मिसळू नये. अ‍ॅसिडने विषारी वायू तयार होतो.

एवढे करूनही एका खोलीच्या घरात कानाकोपऱ्याची खात्री कोण देणार? खरे संरक्षण लसीचे. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात देतात, पुढे दर ३-४ आठवड्यांनी, निदान १६ आठवड्यांचे होईपर्यंत. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला अडवते, म्हणून एका डोसावर भागत नाही.

आम्ही आजींना विनंती केली, लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू तुमच्याकडेच राहू द्या. लसीचा खर्च आम्ही केला. मुलीला तिकडे जायची बंदी होती, कारण तिच्या कपड्यांवरून रोग गेला असता. ती रुसली, रडली, पण थांबली.

आता पिल्लू घरी आले आहे. लसीचे कार्ड आम्ही रेशनकार्डाशेजारी ठेवले आहे. ज्यांच्या घरी असे मांजर गेले असेल, त्यांनी घाई करू नये, एवढेच आमचे सांगणे.