दोघांत एक पुस्तक

वर्षावास आला की आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने एक जण वाचतो आणि वस्ती ऐकते. ज्या आजींना अक्षरओळख नाही त्याही नेमाने येतात, आणि काल कुठे थांबलो होतो ते वाचणाऱ्याला बरोबर सांगतात. समारोप झाला, खीरदान झाले, की त्याच आजींच्या कानावर पुस्तक पडायला पुढची आषाढी यावी लागते. मधले नऊ महिने घरात पुस्तक असते, वाचता येणारे माणूसही असते. पण ते स्वतःशीच वाचते.

आरोग्याच्या पानावर पुस्तकाचे काय काम, असे कोणी म्हणेल. मी नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काढली. पेशंटला भेटायला आलेली माणसे किती वेळ बोलू शकतात, ते मी पाहिले आहे. ‘जेवलास का, गोळी घेतलीस का, झोप लागली का’ एवढे विचारून झाले की शब्द संपतात. मग भेटायला आलेला मोबाईल काढतो आणि पेशंट छताकडे बघतो. दोघांनाही एकमेकांची माया असते, पण त्या मायेचे करायचे काय ते सुचत नाही. अशा वेळी हातात चार पानांचे काही असले आणि ते मोठ्याने वाचले, तर दोघांनाही काम मिळते. वाचणाऱ्याला बोलायला शब्द मिळतात आणि ऐकणाऱ्याचे मन दुखण्यावरून थोडा वेळ बाजूला जाते.

मी ज्या वस्तीत जाते तिथले एक जोडपे सांगते. नवरा वाचणारा माणूस. सकाळच्या चहाबरोबर पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा. बायको चौथी शिकलेली, पण शाळा सुटल्यावर तिने पुस्तक हातात धरलेच नव्हते. साखरेच्या आजाराने नवऱ्याच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले आणि पेपर बंद झाला. माणूस चिडचिडा झाला, भिंतीकडे तोंड करून पडू लागला. एक दिवस बायकोने पेपर उघडला आणि अक्षराला अक्षर जोडत मथळा वाचला. तो चुकलेला शब्द सुधारायचा, ती पुढे जायची. आज ती त्याला अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ वाचून दाखवते. लढाईचे पान आले की तो उठून बसतो. कधी तिला ‘हळू वाच’ म्हणतो, कधी ‘आज आणखी दोन पाने’ म्हणून हट्ट करतो. डोळे परत आले नाहीत. पण चाळीस वर्षांच्या संसारात दोघे पहिल्यांदाच एका पुस्तकाबद्दल बोलू लागले.

मोठ्याने वाचण्याची ही सवय आपल्याकडे नवी नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी सांगितले आहे की लहानपणी वडील त्यांच्याकडून बहिणींसाठी आणि घरी येणाऱ्या लोकांसाठी ग्रंथ मोठ्याने वाचून घेत. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाले तेव्हा आपल्यात अक्षर येणारी माणसे मोजकीच होती. एक जण वाचायचा आणि बाकीचे भोवती बसून ऐकायचे, अशीच ही पत्रे पुष्कळांपर्यंत पोचली.

घरातली गोष्ट मात्र वेगळी होती. ‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या बेबी कांबळे फलटण भागातल्या. त्यांचे किराणा दुकान होते. माल बांधायला आलेली रद्दी त्या वाचायच्या आणि नवऱ्याच्या नजरेआड लिहायच्या. वीस वर्षे त्यांनी ते लिखाण लपवून ठेवले. ज्या घरात बाईला वाचलेले आणि लिहिलेले लपवावे लागत होते, तशाच घरात आज नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला पुस्तक वाचून दाखवावे, याची गोडी मला फार वाटते. शिवाय हे पुस्तक आपल्या बोलीत आहे. मनात वाचताना अडखळलेले वाक्य तोंडाने म्हटले की लगेच ओळखीचे होते, आणि ऐकणारी म्हातारी म्हणते, ‘अगदी आमच्या आईसारखं बोलतेय गं!’

वाचणाऱ्याचाही यात फायदा आहे. मोठ्याने वाचलेले मनात वाचलेल्यापेक्षा जास्त लक्षात राहते, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिले आहे. शब्द डोळ्यांना दिसतो, तोंडाने उच्चारला जातो आणि आपल्याच कानाला ऐकू येतो. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बायांना तर घरबसल्या सराव होतो. अडखळलात तरी लाजू नका. समोर आपलेच माणूस आहे, परीक्षा नाही.

सुरुवात करताना एवढे बघा :

चाळिशी लागली की जवळचे अक्षर पुसट दिसते. डोळ्यातले भिंग वयाने ताठर होते म्हणून असे घडते. ‘आता आपले वाचन संपले’ असे समजून पुस्तक ठेवून देऊ नका. डोळे तपासून घ्या, जवळचा चष्मा लावा. साखर असेल तर नीट दिसत असले तरी वर्षातून एकदा डोळ्यांचे पडदे तपासा.

ऐकायला कमी येत असेल तर ओरडू नका. टीव्ही बंद करा, समोर बसा, तोंडावर उजेड येऊ द्या आणि सावकाश वाचा.

लकवा मारल्यावर काहींना समजते, पण शब्द फुटत नाही. त्यांच्याशी लहान मुलासारखे बोलू नका. पूर्वी आवडायचे तेच वाचा, छोटी वाक्ये घ्या, मध्ये थांबा. वाचा परत येण्यासाठीचे उपचार मात्र तज्ज्ञांकडूनच घ्या.

टीबीच्या पेशंटचे उपचार निदान सहा महिने चालतात, आणि त्या काळात माणसे त्याला टाळतात. दार-खिडकी उघडी ठेवा किंवा ओट्यावर बसा, डॉक्टरांनी सांगितले असेल तोवर मास्क लावा, पण वाचून दाखवा.

वाचताना मध्ये पाण्याचा घोट घ्या. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला, आणि त्यातून तंबाखूची सवय असेल, तर लगेच घसा दाखवा.

वाचनाने आजार बरा होतो असे मी म्हणत नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. घरातले कोणी सतत उदास असेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर पुस्तकावर भागवू नका. सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि फुकट आहे. पेशंटला बोलवत नसेल तर तुम्ही फोन लावा.

वेळ कुठला काढायचा, हे प्रत्येक घराने ठरवावे. पंधरा मिनिटे पुरेत. भाकरी होत असताना ओट्यावर बसून वाचता येते. डायलिसिसला जाताना पिशवीत पुस्तक टाकता येते, तिथे चार तास बसावेच लागते. एकट्या राहणाऱ्या मैत्रिणीकडे दुपारी जाता येते. काय वाचायचे ते ऐकणाऱ्याला विचारा. त्याला लावणीची पुस्तिका हवी असेल, क्रिकेटची बातमी हवी असेल, तर तीच वाचा. ऐकता ऐकता झोप लागली तर रागावू नका, पानाला खूण घाला. उद्या तिथूनच पुढे वाचायचे आहे.