मोठं चाक विकताय? आधी उंची मोजा!

भिवंडीत टायरचं दुकान टाकताय? मग हे गणित शिकाच.

समजा, दुकानात जुनी एमजीबी स्पोर्ट्स कार आली. टायर 165/80 आर14, मालकाला हवेत 15 इंची अलॉय. 165 मिमी रुंदीचे 80 टक्के म्हणजे 132. वर-खाली मिळून 264, अधिक रिमचे 356. एकूण उंची 620 मिमी.

15 इंची रिम 381 मिमी. त्यावर 185/65 चढवला की 621.5. जमलं! पण 205/65 दिलात तर 647.5. चाक मडगार्डला घासू शकतं, मीटरवर 60 दिसताना गाडी जवळपास 63 ने पळते.

रिमची रुंदी आणि आतली जागाही तपासा. वापरलेला टायर नवा म्हणून विकता येत नाही, तोटा आपलाच. म्हणून गिऱ्हाइकाला हिशोब आधी कागदावर दाखवा, टायर मग काढा.