आधी शिकणारी, मग पडदा

डॉ. वसुधा कामत 2011 मध्ये एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्याआधी त्यांनी याच विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञान वर्षानुवर्षं शिकवलं होतं आणि दिल्लीत एनसीईआरटीच्या केंद्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेच्या सहसंचालकपदाची धुराही वाहिली होती. माध्यमांचा अभ्यासक कुलगुरूच्या खुर्चीत बसणं आपल्याकडे विरळाच. म्हणून या वाटचालीकडे पुन्हा पाहावंसं वाटतं.

त्यांच्या विषयाचा इतिहास मोठ्या आशांचा आहे. 1975-76 मध्ये ‘साइट’ प्रयोगात उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत दूरचित्रवाणी पोचली. महाराष्ट्र त्यात नव्हता. 1984 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’चे कार्यक्रम दूरदर्शनवर दुपारी लागू लागले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत किंवा उल्हासनगरच्या कॅम्पात ज्यांच्या घरी टीव्ही होता, त्यांनी ते इंग्रजी तास पाहिलेही असतील. पण मराठी किंवा सिंधी माध्यमात शिकलेल्या मुलीच्या पदरात त्यातलं किती पडलं? शैक्षणिक तंत्रज्ञानाचा खरा प्रश्न मला हाच वाटतो. यंत्र आणणं सोपं असतं.

एसएनडीटीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये हे विद्यापीठ काढलं तेच ज्यांना शिक्षणाची दारं बंद होती त्यांच्यासाठी. बदलापूरहून लोकल धरायची, 68 किलोमीटरवर सीएसएमटीला उतरायचं, पुढे चर्चगेट गाठायचं आणि संध्याकाळी परत येऊन घरचं पाहायचं, असा दिवस असलेल्या मुलीला घरबसल्या मिळणारा पाठ चैनीचा नसतो. कामत यांची कारकीर्द 2016 पर्यंत चालली. विद्यापीठाच्या शताब्दीचा काळ त्यांच्याच वाट्याला आला.

कुलगुरूपद संपलं की अनेकांचा विषयही सुटतो. इथे तसं झालं नाही. जून 2017 मध्ये केंद्राने नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा मसुदा करण्यासाठी कस्तुरीरंगन समिती नेमली, त्यात कामत सदस्य होत्या. समितीचा दस्तऐवज कुणा एकाचा नसतो. तरी 2019 च्या मसुद्यात शैक्षणिक तंत्रज्ञानाला स्वतंत्र प्रकरण मिळालं, याचं मला मोल वाटतं. 29 जुलै 2020 ला मंजूर झालेल्या धोरणात तर स्पष्ट म्हटलं आहे की अनेकांकडे डिजिटल साधनं नाहीत, म्हणून टीव्ही, रेडिओ आणि सामुदायिक रेडिओचा भरपूर वापर करावा.

धोरण मंजूर झालं तेव्हा कोविडमुळे शाळांना टाळं होतं. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या घरात फोन एकच, तोही वडिलांच्या खिशात. ते रात्री आले की आधी मोठीचा अभ्यास उतरवून घ्यायचा, मग धाकट्याचा. तोवर चार्जिंग संपलेलं. त्याच महिन्यात, 20 जुलैपासून, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ज्या टीव्हीला सगळ्यांनी जुना म्हणून बाजूला सारलं होतं, तोच अशा घरांत उपयोगी पडण्यासारखा होता.

त्या वर्षी अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तिन्ही शहरांतल्या पालिका शाळांत कुणाला फोन मिळाला, कुणाला टीव्ही आणि कुणाला काहीच नाही, हे तिथल्या शिक्षकांना ठाऊक आहे. त्यांच्याकडून ते शाळावार लिहून घेतलं पाहिजे, तेही शिक्षक निवृत्त होण्याआधी.