नाडी मोजा, हृदयाला जपा

विहारात वंदनेनंतर रक्तदाब तपासायला बसलं, की दोन प्रश्न हमखास येतात. आयाबाया विचारतात, "सिस्टर, जिना चढला की छाती धडधडते. हार्टचा त्रास तर नाही ना?" आणि कामावर जाणारे भाऊ म्हणतात, "दिवसभर अंगमेहनत करतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" दोन्ही प्रश्नांचं बरंचसं उत्तर आपल्या मनगटावर आहे. ते बघायला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा मोबाईल पुरतो.

नाडी कशी मोजायची?

सकाळी उठल्यावर, चहा आणि तंबाखूच्या आधी, पाच मिनिटं शांत बसा. एका हाताचा तळवा वर करा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटं हलकेच ठेवा. अंगठ्याने मोजू नका, कारण अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो आणि मोजणी चुकते. पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. असं तीन दिवस करा आणि आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मोठ्या माणसाची बसल्या जागची नाडी साधारण ६० ते १०० असते. रोज चालणाऱ्या, खेळणाऱ्या माणसाची ६० पेक्षा कमीही असते, कारण कसलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर ठोके होतात. नियमित व्यायामाने नाडी १० ने उतरली, तर दिवसाचे १४,४०० ठोके वाचतात. याचा फायदा असा, की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. नाडी जितकी पळते, तितका हा विसावा कमी होतो.

व्यायाम करताना नाडी किती असावी?

एक सोपा हिशेब आहे. २२० मधून आपलं वय वजा करा. येणारा आकडा म्हणजे त्या वयातल्या जास्तीत जास्त ठोक्यांचा अंदाज. झपझप चालण्यासारख्या मध्यम व्यायामात नाडी त्याच्या निम्म्यापासून ७० टक्क्यांपर्यंत असावी.

वय ३० : ९५ ते १३३
वय ४० : ९० ते १२६
वय ५० : ८५ ते ११९
वय ६० : ८० ते ११२
वय ७० : ७५ ते १०५

चालता चालता थांबा, लगेच १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. २८ ठोके आले तर नाडी ११२ झाली. हा अंदाज आहे, दहाबारा ठोके इकडेतिकडे होऊ शकतात. म्हणून आकड्याला घाबरू नका, त्याच्या मागेही लागू नका.

मोजायचा कंटाळा असेल तर दुसरी खूण आहे. चालताना सोबतच्या बाईशी बोलता आलं पाहिजे, पण भीमगीत म्हणता येऊ नये. गाणं आरामात म्हणता येत असेल तर पाय उचला. दोन शब्द बोलतानाही धाप लागत असेल तर वेग कमी करा.

आठवड्याला असे निदान १५० मिनिटं चालणं हृदयाला पुरतं. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. सलग जमत नसेल तर सकाळी १५ आणि संध्याकाळी १५ मिनिटं चालेल. थांबताना एकदम बसू नका, तीनचार मिनिटं सावकाश चाला. व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात नाडी साधारण १२ ने तरी उतरायला हवी. पुन्हा पुन्हा तेवढी उतरत नसेल तर डॉक्टरांना सांगा.

कामाची मेहनत म्हणजे व्यायाम का?

मनगटालाच विचारा. पाणी भरताना, झाडू मारताना नाडी मोजा. ती वरच्या पट्ट्यात दहापंधरा मिनिटं टिकत असेल, तर ती मेहनत हिशेबात धरायला हरकत नाही. पण गोणी, ओझं उचलताना आपण श्वास रोखतो आणि रक्तदाब एकदम चढतो. त्यात ऊन, धूळ, गटाराचा वास, अपुरी झोप. सफाई आणि बांधकामावरच्या भावांनी "मी मेहनती आहे, मला काय होणार" असं समजू नये. अशा कामामुळे तपासणी टळत नाही, उलट तिची गरज वाढते.

जिना चढला की धडधडतं

जिन्यावर नाडी वाढणं स्वाभाविक आहे. दोनचार मिनिटांत ती खाली आली तर काळजी नसावी. पण दोन पायऱ्यांतच धाप लागत असेल किंवा बसल्या जागी नाडी वारंवार १०० च्या वर असेल, तर कारण शोधलं पाहिजे. आपल्या बायकांत रक्त कमी असणं हे मोठं कारण आहे. रक्तात हिमोग्लोबिन कमी झालं, की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. थायरॉईड, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, चिंता यांनीही नाडी पळते. तंबाखू, मशेरी, खर्रा, बिडी यांतलं निकोटिन नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढवतं. दारूनेही ठोके वाढतात, कधी त्यांची लय बिघडते. पंचशीलातलं पाचवं शील पाळणं हे हृदयाचंही रक्षण आहे.

विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल आढळतो. असा आजार असलेल्यांनी दमछाक होईल असा व्यायाम करू नये, पाणी भरपूर प्यावं, आणि किती चालायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

रक्तदाबासाठी अॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर ती नाडी खाली धरून ठेवते. त्यांनी वरचा तक्ता वापरू नये, बोलण्या-गाण्याची खूण वापरावी. नाडी कमी दिसली म्हणून गोळी मनाने बंद करू नये, ते धोक्याचं आहे.

जयंतीची मिरवणूक

१४ एप्रिल म्हणजे भर उन्हाळा. ऊन असलं की अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला तेवढ्याच कामात जास्त ठोके द्यावे लागतात. त्यात उपाशीपोटी तासन्तास नाच. रक्तदाब, साखर किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी थोडं चालावं, सावलीत बसावं, पाणी प्यावं. मंडळांनी मिरवणुकीत पाण्याची आणि प्रथमोपचाराची सोय ठेवावी.

या वेळी नाडी मोजत बसू नका

छातीवर दाब किंवा जळजळ, वेदना हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, थंड घाम, चक्कर, व्यायामात डोळ्यांपुढे अंधारी. बायकांमध्ये कधी छाती फारशी दुखत नाही. नुसती धाप, मळमळ, कमालीचा थकवा असतो. "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पिऊन झोपू नका. काम तिथेच थांबवा, माणसाला बसवा आणि १०८ ला फोन करा. ठोका मध्येच चुकतो, लय सापडत नाही, किंवा नाडी ५० च्या खाली असून चक्कर येते, तर त्याच दिवशी दवाखाना गाठून ईसीजी काढायला सांगा. सरकारी रुग्णालयात ईसीजी मागणं हा आपला हक्क आहे. "काही नाही, घरी जा" असं तपासणीशिवाय सांगितलं, तर तपासायचा आग्रह धरा.

तिशीनंतर प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. बाबासाहेबांना मधुमेह होता. आजार अंगावर काढत त्यांनी काम केलं आणि वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. त्यांचं काम पुढे न्यायचं तर आपली शरीरं टिकली पाहिजेत.

चालायला जागा कुठे?

वस्तीत बाग नाही, बायकांना एकट्याने चालायला संकोच वाटतो. मग विहाराचं अंगण आहे ना! भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले. त्यांत आजार कमी होणं आणि अन्न नीट पचणं हेही आहे. बुद्धगयेत महाबोधी विहाराशेजारी त्यांच्या चंक्रमणाची जागा आजही दाखवतात. वंदनेनंतर दहाजणींनी मिळून अर्धा तास चालावं. घरातल्या भावांनी त्या वेळी पाणी भरावं, पोरं सांभाळावीत. बायकांना व्यायामाचा सल्ला देणं सोपं आहे. त्यांना वेळ मिळवून देणं हे घराचं काम आहे.

उद्या सकाळपासून तीन दिवस घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची नाडी मोजा आणि लिहा. तो कागद पुढच्या रविवारी विहारात घेऊन या. ज्यांचे आकडे शंकेचे असतील त्यांना एकत्रच दवाखान्यात घेऊन जाऊ.

नमो बुद्धाय, जय भीम.