पुरलेलें मडकें आणि तहानलेली बाग

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत पावसाची लहर सर्वांच्या परिचयाची आहे. मृगांत पेरणी होते, रोपें वर येतात, आणि मग कधीं कधीं आठवड्यांमागून आठवडे आभाळ कोरडें राहतें. सन १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी मुलांनीं वडील मंडळींच्या तोंडून ऐकल्याच असतील. सन २०१६ च्या एप्रिलमध्यें तर शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा दिवसांत घरांत येणाऱ्या प्रत्येक घागरीचा हिशेब ठेवावा लागतो. माणसांची व जनावरांची तहान भागल्यावर परसांतील भोपळ्याच्या वेलास किंवा मुलांनीं लाविलेल्या आंब्याच्या रोपास पाणी उरत नाहीं, आणि तींच आधीं वाळून जातात. थोडक्या पाण्यांत तीं जगविण्याचा एक जुना व स्वस्त उपाय येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे. तो उपाय म्हणजे झाडाजवळ मातीचें मडकें पुरून तें पाण्यानें भरणें.

प्रथम पाणी वाया कां जातें तें पाहूं. झाडाच्या बुडाशीं एक घागर ओतली म्हणजे कांहीं पाणी वाहून जातें, पुष्कळसें वरच्या थरांतच राहतें आणि उन्हानें वाफ होऊन उडून जातें. मुळांच्या वाट्यास थोडेंच येतें, व वरच्या ओलीवर गवत मात्र माजतें.

आतां घरांतील माठाकडे पाहा. त्याच्या अंगास नेहमीं घाम येतो, कारण भाजलेल्या मातीस डोळ्यांना न दिसणारीं असंख्य छिद्रें असतात. तोच माठ जमिनींत पुरला तर पाझरलेलें पाणी भोंवतालची माती शोषून घेते. माती कोरडी असतां ती पाणी जोरानें ओढते. ती ओली झाली कीं ओढ कमी होते आणि पाझर मंदावतो. मुळांनीं ओल शोषून घेतली कीं पाझर पुन्हां वाढतो. म्हणजे किती पाणी द्यावयाचें हें माळ्यानें ठरवावयाचें नसून झाडाची तहानच तें ठरविते. वैशाखांत तुळशीवर गळती टांगतात, ती आपण पाहतों. तेथें पाणी वरून थेंबाथेंबानें पडतें. येथें तें खालीं, थेट मुळांपाशीं मिळतें, आणि जमिनीचा वरचा थर कोरडाच राहतो.

ही युक्ति आजकालची नव्हे. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतील फान शेंग-चिह या चिनी कृषिलेखकानें पाण्याचें मडकें पुरून भोंवतीं खरबुजाच्या जातीचे वेल लावण्याची रीत लिहून ठेविली आहे. आपल्या देशांत कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेंत १९७० नंतरच्या दशकांत या रीतीचे प्रयोग झाले, आणि किंचित् खारट पाण्यावरही तिनें भाजीपाला काढतां येतो असें दिसून आलें.

मडक्यांसाठीं आपणांस दूर जावयास नको. तेरणाकांठचें तेर गांव, प्राचीन काळचें तगर, आपल्याच जिल्ह्यांत आहे. तेथील संग्रहालयांत जुनीं मातीचीं भांडीं पाहावयास मिळतात. संत गोरा कुंभार याच गांवचे. त्यांनीं थापटण्यानें संतमंडळींचीं डोकीं ठोकून कच्चें मडकें कोणतें तें सांगितलें, ही कथा सर्वश्रुत आहे. आपणही मडकें घेतांना तें ठोकून पाहावें. खणखणीत वाजलें तर तें पक्कें भाजलेलें व बिनतड्याचें समजावें. कच्चें असेल तर ओलीनें विरघळेल. मग पाणी भरून रात्रभर ठेवावें. सकाळीं अंग सर्व बाजूंनीं ओलसर दिसलें तर तें कामाचें. रंग दिलेलें किंवा चकाकी चढविलेलें मडकें घेऊं नये, कारण त्याचीं छिद्रें बुजलेलीं असतात.

पाच ते दहा लिटरचें मडकें पुरेसें होतें. त्याहून थोडा मोठा खड्डा खणून मडकें असें बसवावें कीं तोंड जमिनीच्या वर दोन बोटें राहील. आपली काळी माती सुकली कीं भेगाळते आणि मडक्यापासून सुटते. म्हणून भोंवतीं शेणखत व थोडी वाळू मिसळलेली माती नीट दाबून भरावी. तोंडावर परळ झांकावा, म्हणजे वाफ उडणार नाहीं व डांसांची पैदासही होणार नाहीं. मडक्याच्या अंगापासून वीतभर अंतराच्या आंत भोपळा, दोडका, काकडी, वांगीं किंवा टोमॅटो यांचीं तीन-चार रोपें लावावीं. प्रारंभीं कांहीं दिवस रोपांस वरून थोडें पाणी द्यावें. पुढें मुळेंच मडक्याकडे धांव घेतात आणि त्याभोंवतीं जाळें विणतात. मडकें अर्ध्याहून अधिक रिकामें होऊं न देतां भरीत जावें. पाणी गाळून घालावें, साबणाचें घालूं नये. गाळानें व क्षारांनीं कालांतरानें छिद्रें बुजतात. तेव्हां मडकें काढून काथ्यानें घासावें, किंवा बदलावें.

मुलांनीं येथें थोडें गणित करावें. समजा, आठ लिटरचीं दहा मडकीं आहेत आणि तीं दर तीन दिवसांनीं भरावीं लागतात. तर एका खेपेस फार तर ८० लिटर, म्हणजे दिवसास सरासरी २७ लिटर पाणी लागेल. एवढ्यांत तीस-चाळीस रोपें जगूं शकतात.

मात्र या उपायाची मर्यादाही ओळखावी. एकरभर सोयाबीन किंवा तूर मडक्यांनीं भिजणार नाहीं. ही रीत परसबागेची, फळझाडांच्या रोपांची व शाळेच्या आवारांतील वृक्षांची आहे. विहिरींत पाणी मुरविण्याचें मोठें काम तिनें टळत नाहीं. परंतु दूरवरून डोक्यावर पाणी आणणाऱ्या माउलीची एक खेप जरी वांचली, किंवा लाविलेलें रोप एक उन्हाळा जरी तगलें, तरी मडक्याची किंमत वसूल झाली असें आम्ही समजतों. विद्यार्थ्यांनीं येत्या उन्हाळ्यापूर्वीं पालकांच्या मदतीनें निदान एक मडकें पुरून पाहावें, किती दिवसांनीं तें भरावें लागलें याची वहींत नोंद करावी, आणि शेजारच्या मुलासही ती रीत शिकवावी.